पाणी कुठवर आलंय?

मी सांगली सोडली त्या सकाळी बाबा गटार उपसत होते. रिक्षा दारात, बॅगा चढवलेल्या, आई माझ्या हातावर दही घालतेय, आणि हा माणूस खोरं घेऊन चिखलात उभा! पावसाळ्याआधी आपल्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या दारापुढचंही गटार ते स्वतः साफ करायचे. गल्लीतली पोरं त्यांना 'गटार इन्स्पेक्टर' म्हणायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चिखलाचे हात लांब धरून, कोपरांनीच मला जवळ घेत ते म्हणाले, "जा बाई. पाण्याला वाट दिली की ते घरात येत नाही, एवढं लक्षात ठेव."

पुढे महापुरात घरचे सगळे वरच्या मजल्यावर अडकले, तेव्हा मी इथून, जर्मनीतून, फोन करून एकच विचारायचे, पाणी कुठवर आलंय? वाटायचं, ही भीती निदान तिकडेच राहिली. कसली राहतेय! नोकरी मिळाली तीच एश्बॉर्नच्या एका ऑफिसात, रस्त्यांवरच्या पाण्याचं प्लॅनिंग करण्याची.

गेल्या वर्षी आमच्या घरासमोरचाच रस्ता नव्यानं बांधला आणि त्याच्या पाण्याचं काम माझ्याकडे आलं. रस्त्याकडेला गवताचे उथळ चर केले, त्याला इथे मुल्डे म्हणतात. फुटपाथच्या कडेच्या दगडांत जागोजाग फटी ठेवल्या. पाणी फटीतून चरात जाणार, तिथेच मुरणार. उन्हाळ्यातल्या धो धो सरींनाही तो रस्ता पुरून उरला. मी खूश होते.

मग जानेवारीत बर्फ पडला. इथे आपापल्या घरापुढचा फुटपाथ सकाळीच ज्यानं त्यानं साफ करायचा असतो. शेजाऱ्यांनी बर्फ इतका नीटनेटका रचला की कडेला सरळ भिंतच उभी राहिली, नेमकी माझ्या फटींवर. बर्फ पलीकडे चरात टाकायचा, हे प्लॅनमध्ये होतं हो! पण सकाळी फावडं घेऊन निघालेला माणूस प्लॅन वाचून निघतो थोडाच?

दुपारी ऑफिसच्या काचेवर पाऊस दिसला. बर्फावर पाऊस, फटी बंद, म्हणजे पाणी रस्त्यावरच साचणार. अंधार पडायच्या आत पारा शून्याखाली जाणार होता. आणि माझी लेक इरा शाळेतून एकटी चालत येते, इथली सगळी मुलं येतात तशी. मी आखलेल्या रस्त्यानं. मी तशीच उठून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडली. इरा काचेसारख्या बर्फावर घसरतेय, मागून गाडी येतेय, दुसरं काही डोळ्यांपुढे येईना.

घरी पोचले तर वळणावर तळं. बॅग टाकली, फावडं उचललं आणि एकेक फट मोकळी करायला लागले. समोरच्या फ्राउ केलर बाहेर आल्या. "अहो, ती माझी साफ केलेली बाजू आहे!"

मी खाली बोट दाखवलं. मोकळ्या फटीतून पाणी खळखळ करत चरात उतरत होतं. त्यांनी वाकून पाहिलं, "आख, गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या आणि स्वतःचं फावडं घेऊन आल्या.

वळणापर्यंत पोचलो नव्हतो तोच पलीकडून इरा दिसली, धावत येणारी. मधलं पाणी कडेकडेनं गोठायला लागलं होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "पळू नकोस! थांब तिथेच!" मराठीला एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी पोर जागच्या जागी थांबली. मी जाऊन तिला घट्ट धरलं. ती इकडेतिकडे बघत पुटपुटली, "मामा, दास इस्ट पाइनलिश." म्हणजे, आई, मला लाज वाटते. वाटू दे बाई, मलाही वाटायची.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "तिकडे बर्फ वितळतोय म्हणे. पाणी कुठवर आलंय?"

मला रडूच फुटलं. आजवर हा प्रश्न मी सांगलीला विचारत आले. इथल्या पाण्याबद्दल मला कुणी तो पहिल्यांदाच विचारला, आणि बाबांनी आता हेही माझं घर मानलंय, हे मला कळलं.

"गेलं, बाबा," मी म्हटलं. "वाट करून दिली."