आर्थरच्या बागेतली वाळू

एल्सीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. तीन वर्षांची पोर. कौन्सिलने घरातला जुना रंग तपासला, नळाचं पाणी तपासलं, दोन्ही ठीक. मग जमीन तपासायला आमच्या कंपनीला बोलावलं, म्हणजे मला. दूषित जमिनी तपासणं हाच माझा धंदा.

शिशाची जुनी खाण होती, पण डोंगरापलीकडे. तरी परसबागेच्या मातीत शिसं भरमसाट निघालं. ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसलेल्या माझ्या बॉसने, मिलिंदने, लॅबवर खापर फोडलं.

"री-टेस्ट कर."

"केली. सेम रिझल्ट. बोल आता!"

"मग सोर्स शोध. त्याशिवाय रिपोर्ट साइन-ऑफ होणार नाही."

घर एल्सीच्या पणजोबांचं, आर्थरचं. त्यांना पुन्हा विचारलं, "खाणीतलं वेस्ट इथे कधी आणून टाकलं होतं का?"

"वेस्ट? माझ्या बागेत? नाही गं, लव्ह." म्हातारा दुखावलाच.

"मग सगळीकडे चिकणमाती आणि इथेच भुसभुशीत कशी?"

त्यांचा चेहरा उजळला. "ती सँड! वडिलांनी आणलेली."

मग सगळं कळलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडत होती, बाहेरून शिसं येईना. गोळ्यांना, बॅटऱ्यांना तर ते हवंच. म्हणून बंद खाणीबाहेरचे ढीग पुन्हा धुऊन उरलंसुरलं शिसं काढलं. आर्थरचे वडील त्याच कामावर होते. धुऊन उरलेल्या बारीक चुऱ्याला गावात 'सँड' म्हणत. बॉम्बपासून बचावाला गावाने त्याचीच पोती भरून घरांभोवती रचली. युद्ध संपल्यावर वडिलांनी ती गाजरांच्या वाफ्यात रिकामी केली.

"याच वाळूने आम्हाला वाचवलं," आर्थर म्हणाले.

कितीही धुतलं तरी त्या चुऱ्यात शिसं राहतंच, हे मी सांगितलं. त्यांनी बागेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"एल्सीला खेळायला सँडपिट केलाय. तोही मीच भरला, इथूनच." मग म्हणाले, "बरी होईल ना ती?"

"ते डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. रक्तातलं शिसं उतरतं, मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही, हे मला माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही. भयंकर राग आला होता, पण कुणावर काढणार?

डिगरने अख्खी बाग उचलून नेली. एल्सीचं शिसं हळूहळू उतरतंय. ती अजून नीट बोलत नाही.

तेव्हापासून साइटवर मी 'वेस्ट' आहे का, असं विचारत नाही. वडिलांनी आणलेल्या वस्तूला कुणी वेस्ट म्हणत नाही.