काळ्या पट्ट्यांमधली कानबाई

नागपंचमीनंतरचा रविवार उजाडला तेव्हा कोकिळाच्या बोटांना कणीक लागलेली होती. दुपारी श्रावणातली देवी कानबाई घरात बसायची होती. या घरात नारळावर कणकेचे नाक-ओठ, काजळाचे डोळे आणि वर नथ अशी देवी घडवण्याची रीत. सासूबाई सुनंदाबाई हे काम दार लावून, एकट्याच करीत. शिकवायचे राहून गेले आणि मागल्या वर्षी चैत्रात त्या गेल्या. वर्षभर घरात सण नव्हता. आता सारी भावकी रोटांच्या प्रसादाला जमणार होती, चोपड्याहून सासूबाईंची धाकटी बहीण यशोदाबाई येणार होती, आणि जो तो आधी मुखडा पाहणार होता.

कोकिळा गावातली शिवणकाम करणारी. पाहिलेला ब्लाऊज न उसवता बेतायचा, हा तिचा लौकिक. म्हणून तिने देवीही बेतूनच घ्यायची ठरवली. कधीकाळी एका लग्नाच्या कॅमेरावाल्याने या घरची कानबाई चित्रित केली होती. ते चित्रण पेनड्राइव्हवर होते आणि भिंतीवर अमळनेरहून आणलेला नवा, ऐसपैस टीव्ही होता. पडद्यावर मुखडा आला की ती चित्र थांबवी, दोरा लावून उंची आणि रुंदी घेई. दोन्ही दोरे जवळपास सारखे भरले. तिने बाजारातून मुद्दाम गोल गरगरीत नारळ निवडून आणला, डोळे अंतर राखून काढले, नाक जरा पसरट ठेवले.

सासरे मगन आबा ओसरीतून आत आले. चौरंगापाशी थबकले, हात जोडण्यासाठी उचलले आणि तसेच खाली घेतले.

“हाई आपली कानबाई नही शे,” एवढेच म्हणाले.

त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच कोकिळाला जास्त लागले. दोरे तर चोख होते. मग चूक कुठे? तिने पुन्हा टीव्ही लावला. पडद्यावर सुनंदाबाई ओवाळत होत्या. त्यांच्या हातातले पितळी ताट आत्ता कोकिळाच्या मांडीवर होते, कुंकवाने भरलेले, तेच, काठाला पोचा आलेले. मांडीवरचे ताट वाटोळे होते. पडद्यावरचे आडवे पडलेल्या अंड्यासारखे.

कोकिळा ताडकन उठली. नवरा नवल मागच्या अंगणात केळीचे खांब सोलत होता. तिने त्याला हाताला धरूनच आणले आणि ताट पडद्याशेजारी धरले. नवल पाहतच राहिला, मग ओशाळून हसला. टीव्ही आला त्या दिवशी या जुन्या चित्रणाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसत होत्या. एवढा रुंद टीव्ही आणून चित्र मधेच का, म्हणून त्यानेच रिमोटची बटणे दाबून ते काठोकाठ ताणले होते. शिवाय तरुणपणीचा तो स्वतः त्यात भरदार दिसायचा, हे त्याने सांगितले नाही. कोकिळाला ते आधीच माहीत होते.

आता मात्र मूळ जागा काही सापडेना. एकदा चित्र इतके मोठे झाले की देवीचे कपाळच वर कापले गेले. शेवटी टीव्ही विकणाऱ्या सोहनलालशेठना फोन लावला. शेठ हसत म्हणाले की लोक पट्ट्या घालवायला फोन करतात, आणायला कुणी करत नाही.

“भाभी, सेटिंगमध्ये जा, चित्राचा आकार काढा. तिथे चार बाय तीन लिहिलंय, ते दाबा. जुना कॅमेरा तेवढाच रुंद बघायचा.”

नवलने बटण दाबले. दोन्ही कडांनी काळोख आत सरकला आणि सुनंदाबाई एकदम उंच, सडपातळ, जिवंत होऊन उभ्या राहिल्या. हातातले ताट वाटोळे होते. कोकिळाला हसू आणि रडू बरोबरच आले. नवल हळहळून पुटपुटला की आता तो पुन्हा काडीपैलवान झाला.

तिने दोरे नव्याने घेतले. उंचीचा तोच राहिला, रुंदीचा चांगला चौथ्या हिश्श्याने आखूडला. पूजेसाठी आणलेल्या नारळांत एक लांबोडका होता, घेताना तिने नाक मुरडलेला. नेमका तोच हवा होता. बाहेर बायकांची गाणी सुरू झाली, रोटांच्या पिठाचा गोडसर वास आत शिरला आणि कोकिळाची बोटे भराभर चालू लागली. डोळे जवळ आले, नाक धारदार झाले. नथ अडकवली तेव्हा मुखडा तिच्याकडे रोखून पाहत होता, सासूबाई भाजी चिरताना पाहत तसा.

दार उघडले. यशोदाबाई सर्वांत पुढे होत्या. त्या मुखड्यापाशी वाकल्या. मग कोकिळाचे कणकेने माखलेले हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

“तुना हातमा सुनंदा उनी, माय,” बहीणच परत आल्यागत त्या म्हणाल्या.

मागून आबा आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले, या वेळी पूर्ण.

सोमवारी विसर्जनाहून परतल्यावर नवलने मॅच पाहायला रिमोट उचलला. आबांनी त्याला बजावले की मॅच कशीही पाहा, पण तुझ्या आईला पुन्हा ताणायचे नाही.