दोन खाचांचा ड्राइव्ह

माझा नवरा जन्मापासून कर्णबधिर आहे. मरोळला एका छपाईच्या युनिटमध्ये मशीन चालवतो आणि रविवारी चारकोपच्या आमच्या घरात कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतल्या गोष्टींचे व्हिडिओ करतो. बोटं स्पष्ट दिसावीत म्हणून त्याचं शूटिंग भारी दर्जाचं असतं, आणि फाइली अवाढव्य. लॅपटॉपचा जुना ड्राइव्ह भरला होता. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क इतकी हळू चालायची, की एडिटिंग करताना चित्र मध्येच थिजायचं आणि खूण अर्धवट राहायची. खूण अर्धी राहिली की अर्थच बदलतो.

नवा कोणता घ्यायचा, हे त्याने महिनाभर वाचून ठरवलं होतं. दोन टीबीचा, एनव्हीएमई जातीचा. साटा जातीचा ड्राइव्ह दिसायला सारखाच असतो, पण वेग कितीतरी कमी. आमच्या लॅपटॉपमध्ये तर तो चालणारच नव्हता.

बोरिवली स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "बोला साहेब."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

त्याचा चेहरा लगेच पडला. "अरेरे, मुका आहे का? मग वहिनी, तुम्हीच बोला ना."

तेव्हापासून माझा नवरा त्याच्या लेखी तिथे नव्हताच. मी काय हवंय ते सांगितलं. त्याने खोक्यातून बोटाएवढा ड्राइव्ह काढून काचेवर ठेवला. "हा घ्या, एकदम झकास. सगळे सारखेच असतात. आणि ह्यांना कशाला एवढा फास्ट? बिचारे व्हिडिओच बघणार ना?"

नवऱ्याने खुणेने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. चांगला आहे म्हणतोय," मी खुणेने सांगितलं.

त्याने ड्राइव्ह उचलला, टोकाकडून निरखला आणि त्यावरच्या दोन खाचा मला दाखवल्या. मग लेबलवर बारीक छापलेल्या 'साटा' या शब्दावर नख टेकवलं. एनव्हीएमईला एकच खाच हवी होती. तो भराभर खुणा करत गेला आणि मी त्याचं बोलणं मोठ्याने सांगत गेले. "हा साटा आहे. मी एनव्हीएमई मागितला. लेबल वाचा."

दुकानदार माझ्याकडेच बघून हसला. "वहिनी, समजवा ना त्यांना. हाही चालतो."

"त्यांच्याकडे बघून बोला!" मी ओरडले. "आणि हा आमच्यात चालत नाही. तुम्हाला ते माहीत नाही, की माहीत असून आमच्या गळ्यात मारताय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदाराने ड्राइव्ह खोक्यात घातला. "घ्यायचा नसेल तर नका घेऊ. तमाशा नको."

रस्त्यावर आल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, नवरा म्हणेल, बरं केलंस. त्याने मला रसवंतीच्या आडोशाला थांबवलं. त्याच्या खुणा इतक्या जोरात होत्या, की हातावर हात आपटल्याचा आवाज येत होता.

"आधी काय म्हणाला होता तो?"

मी सांगितलं. मुका, बिचारे, सगळं.

"मग 'काही नाही' का म्हणालीस? लहानपणी घरात सगळे हसायचे. मी विचारलं की आई म्हणायची, काही नाही. शाळेत काही नाही. कामावर काही नाही. आता तूसुद्धा?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"वाईट वाटायचं की नाही ते मी ठरवीन. तुझं काम सांगायचं."

दुकानदारावरचा राग मला ओरडून काढता आला होता. नवऱ्याचा राग माझ्यावर होता, आणि तो बरोबर होता.

पुढच्या रविवारी अंधेरीला गेलो. तिथला दुकानदारही आधी माझ्याशीच बोलायला लागला. "त्यांच्याशी बोला," मी म्हटलं, "मी फक्त सांगणार." मग तो फोनवर कुणाला काय म्हणाला, शेजारच्याशी काय कुजबुजला, मी शब्द न शब्द नवऱ्याला सांगितला. त्याने तीन ड्राइव्ह नाकारले, चौथा घेतला.

घरी त्याने स्वतःच लॅपटॉप उघडून तो बसवला. संध्याकाळी ससा-कासवाची गोष्ट कुठेही न अडकता चालली. मी पडद्याच्या कडेला हात नेऊन खुणेने माफी मागितली. त्याने पडद्यावरून नजर न काढता एका हाताने खूण केली, "बघू."