राखणदाराचा रोट

जन्मात कधी विमानात न बसता विमानतळावर एवढा जीव टाकणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच, आणि तो नेमका माझा मामा! राहायला इब्रामपूरला. मोपाचा नवा विमानतळ तिथून अगदी जवळ. पण गावातलं कुणी मस्कतला निघालं, की मामा त्याला जीपमध्ये कोंबून थेट वास्कोकडच्या जुन्या विमानतळावर नेणार. का, तर तो विमानतळ मूळचा सैन्याचा. "पोर्तुगेजांनी बांधलो, नौदलान सांबाळलो. थयचो राखणदार मुरलेलो आसा. हो मोपाचो नवो, तेका अजून माणसां वळखाक येवची नाय!" राखणदार म्हणजे त्या जागेवर पहारा करणारा देवचार. विमानतळाच्या वळणावरच्या झाडाखाली त्याच्या नावाने जाड रोट आणि विडी ठेवल्याशिवाय मामा कुणाला पुढे सोडत नसे. वर धीरही द्यायचा, "भिया नको रे, विमान एसटीच्या बशीपेक्षा बरा!"

मग त्याच्यावरच वेळ आली. मामी गेल्यावर एकट्याने वाढवलेली लेक, त्याचं लाडकं 'चेडू', मस्कतला, दिवस भरत आलेले, जावई बोटीवर. तिचा फोन आला, "बाबा, तू ये. हय माझ्याजवळ कोण नाय." झालं! गावाला धीर देणाऱ्या मामाला पेज गोड लागेना. तिकीट अर्थातच जुन्या विमानतळाचं काढायला लावलं, आणि सोडायला मी सोबत गेलो. रोटही दुप्पट जाड केला. आणि भीतीच्या भरात तो झाडाखाली न ठेवता, वर्तमानपत्रात गुंडाळून, थेट विमानतळाच्या कुंपणाला टेकवून आला.

शिट्टी वाजली. जवान धावले, माणसं मागे हटवली, कुत्रं आणलं. मी कपाळावर हात मारला. जवानाने विचारलं, "बाबा, ये क्या है?"

"रोटी! देव का रोटी!"

"तो खाके दिखाओ."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. राखणदाराचा रोट उष्टा केला, की त्याच्या हिशेबी त्या विमानाला सांभाळणारं वर कुणीच उरत नव्हतं. आत जायची वेळ टळत चालली होती. मला त्याची दया आली. म्हटलं, "मामा, चल, घराकडे जावया."

त्याने रोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो राखणदार रागावलो तर माझ्यार रागावांदे," तो म्हणाला. "माझा चेडू थय एकटा आसा."

आणि डोळे मिटून त्याने हा एवढा लचका तोडला. कोरडा घास घशात अडकला तरी चावत राहिला. जवान हसला आणि त्याची पिशवी उचलून दारापर्यंत पोचवून आला. मामा मागे वळूनही न बघता आत गेला. मला तिथेच रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत मेले!

मामा वेळेत पोचला. नात झाली. परत कधी येणार विचारलं, की म्हणतो, "बघूया." फोनवर तासभर पिच्छा न सोडणारा हा माणूस आता कुजबुजतो, "हळू उलय, बाय निजलीहा." मस्कतच्या पाळण्यात माझा आवाज कसला पोचतोय! तरी मी इकडे ओसरीवर एकटाच बसून आवाज अगदी खाली आणतो.