ताईच्या हातचा केक

नकोबा हे नाव त्याला घरच्यांनीच दिलं होतं. लहानपणी ताटात काहीही पडलं की त्याचा पहिला शब्द "नको". भोपळा नको, वांगं नको, दुधावरची साय तर बघूनच नको. ही सगळी नुसती नावड होती. अंड्याचं मात्र तसं नव्हतं. चार वर्षांचा असताना कुणीतरी त्याला अंडं घातलेलं बिस्कीट भरवलं. अर्ध्या तासात पोराचे ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली. त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत धावत गेली ती ताई. ती स्वतः तेव्हा तेरा वर्षांची होती.

तेव्हापासून ताई त्याच्या ताटाची राखणदार झाली. आई दिवसभर कामावर असायची. शेजारी, वर्गातल्या मुलांचे वाढदिवस, नातेवाईक, सगळीकडे ताईच पुढे होऊन विचारायची, "यात अंडं आहे का?" उत्तर पटलं नाही तर बशी तशीच परत. "फार लाडावून ठेवलंय याला," असं लोक म्हणायचे, ती ऐकून घ्यायची. एकदा भोपळ्याची भाजी चुकवायला नकोबानं घसा खाजतोय असं खोटंच सांगितलं. ताईनं ते ओळखलं, तरी आईला म्हणाली, "राहू दे, नाही सोसत त्याला." मग कोपऱ्यात नेऊन त्याचा कान असा पिळला की तो पुन्हा कधी तसं खोटं बोलला नाही.

मोठेपणी तो लिफ्ट दुरुस्त करू लागला. या कामात खालचा जोडीदार वीज तोडतो, "बंद!" म्हणून ओरडतो आणि वरचा माणूस त्या एका शब्दावर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत उतरतो. नकोबा अकरा वर्षं असाच उतरत होता. बाहेर कुठेही जाताना श्वास अडकला तर मांडीत टोचायची औषधाची सुई त्याच्या खिशात असे. फक्त ताईकडे जाताना ती तो घरी ठेवून जाई. तिथे कशाला लागतेय?

भाचीनं, म्हणजे ताईच्या मुलीनं, लग्न ठरवलं आणि एका रविवारी दुपारी मुलाकडची माणसं ताईकडे चहाला आली. नकोबाला यायला उशीर झाला. तो येण्याआधी काय बोलणं झालं, हे त्याला नंतर भाचीकडून कळलं. मुलाची आई सहज म्हणाली होती, "मुलीच्या मामांना काहीतरी आजार आहे म्हणे? घराण्यात चालत आलेला आहे का?" ताई पटकन हसली. "छे हो! आजार कसला? लहानपणापासूनचे नखरे आहेत त्याचे. आता येईल ना, तुमच्यासमोरच केक खाईल बघा."

नकोबा आत आला, नमस्कार झाले आणि ताईनं केकची बशी त्याच्या हातात दिली.

"घे रे. मी स्वतः केलाय. यात अंडं नाही."

सगळे आपल्याकडेच बघताहेत, हे त्याला जाणवलं. पाहुणी माणसं आहेत, बघणारच, असं त्याला वाटलं. त्यानं दोन घास खाल्ले, छान झालाय म्हणाला, तिसराही खाल्ला.

आधी टाळूला खाज सुटली. मग जीभ जड झाली. त्यानं बशी खाली ठेवली.

"ताई, यात काय घातलंयस?"

"काही नाही रे. ठसका लागला असेल. पाणी पी."

"ताई, खरं सांग."

"सांगितलं ना, काही नाही!"

घसा आवळत होता आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिची नजर मुलाच्या आईवर होती. तेवढ्यात भाची स्वयंपाकघरात धावली आणि कचऱ्याची बादली उचलूनच बाहेर आली. "आई, ही टरफलं कसली?"

भाचीनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं त्याला गाडीत घातलं. इस्पितळात इंजेक्शन मिळालं म्हणून तो वाचला. "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"अख्ख्या केकमध्ये एकच अंडं होतं रे. इतक्या वर्षांत गेलं असेल असं वाटलं."

"मग मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास. भोपळ्याचं नाही का खोटं बोलला होतास?"

"सात वर्षांचा होतो गं मी."

ताई पदराचं टोक पिळत राहिली.

"अंडं घातलंस ते एक वेळ सोड," तो म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा होता. "माझा श्वास कोंडत होता तेव्हा मी तुला दोनदा विचारलं. तेव्हा तरी सांगायचंस."

"ती माणसं बसली होती समोर," ताई म्हणाली. मग रडायला लागली. नकोबानं भिंतीकडे तोंड केलं.

तो कामावर परतला, पण काहीतरी बिघडलं होतं. जोडीदार खालून "बंद!" ओरडला की याचा पाय पोकळीत पडेना. सहा मजले उतरून तो स्वतः विजेचा खटका बघून यायचा. चौथ्या दिवशी जोडीदार चिडला. "अकरा वर्षांत एकदा तरी तुला दगा दिलाय का मी?"

"नाही."

"मग?"

जिनं खांद्यावर घेऊन धाव घेतली होती तिनंच गळा कापला, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

लग्न ठरल्याप्रमाणे पार पडलं. मुलाची आई मुद्दाम नकोबाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजार असतो तर असतो हो. मी आपलं सहज विचारलं होतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?" त्याला हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा गोष्टीसाठी आपला जीव पणाला लागला होता!

ताईकडे जाणं त्यानं सोडलं नाही. महिन्यातून एकदा जातो, खुशाली विचारतो, नळ गळत असेल तर दुरुस्त करून देतो. ताई त्याच्यासमोर खाऊचा एकेक पुडा उघडून दाखवते, आत काय काय आहे ते वाचून दाखवते. "बघ, तूच बघ ना." तो बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "जेवून आलोय गं."

तो थेट कामावरून आलाय, हे त्याच्या काळ्या हातांवरून ताईला दिसतं. ती पुडा बंद करते आणि जागेवर ठेवून देते.