डावीकडं ओढणारी जीप

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. गॅरेजवर कुणी "गाडीला नजर लागली" म्हणत आला की मी त्याला डिझेल फिल्टर साफ करायला सांगतो. बहुतेक वेळा नजर तिथंच सापडते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते असं.

माझं गॅरेज कोरेगावात, सातारा रस्त्याला. उमेदीची वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात गेली. आता मी जीपा उंच करून देतो – मोठे टायर, उंच स्प्रिंगा, डोंगर-ओढ्यातून निघतील अशा. दोन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, आटपाडीकडून म्हादू त्याची जुनी जीप घेऊन आला. मेंढरं आणि थोडी डाळिंबाची बाग असलेला, तिशीतला, मोजकं बोलणारा गडी. त्याची वस्ती माळावर, आणि वस्ती नि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा. आदल्या पावसाळ्यात त्याच्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली. मिरजेला न्यायला निघाले आणि जीप ओढ्यात रुतून बसली. ती बाहेर काढेपर्यंत फार उशीर झाला होता.

आता म्हादूची बायको पोटुशी होती आणि बाळंतपण भर पावसाळ्यात येणार होतं. "पुन्यांदा वड्यात रुतायचं न्हाई मला, मिस्त्री," एवढंच तो म्हणाला. अशा माणसाची गाडी हातात घेतली की हलगर्जी करून चालत नाही. काम होईपर्यंत तो गॅरेजमधल्या खाटेवरच मुक्कामाला राहिला.

जीप उंच केली की पुढच्या बाजूचे दोन रॉड महत्त्वाचे होतात. एक ड्रॅग लिंक – स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेतो. दुसरा पॅनहार्ड रॉड – एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, डावी-उजवीकडं सरकू देत नाही. दोन्हींची लांबी एकसारखी हवी आणि कलही एकसारखा. त्यात फरक राहिला तर खड्ड्यात चाक गेल्यावर गाडी आपोआप बाजूला झेप घेते. घाटात अशी गाडी म्हणजे काळच. मी दोन्ही रॉड एकाच पाइपातून कापले, शेजारी ठेवून जुळवले, नट आवळून वर पांढऱ्या रंगाची खूण केली. नट तसूभर जरी फिरला तरी खूण तुटते.

मी गाडी फिरवून आणली. बाणासारखी सरळ. मग स्टिअरिंगवर म्हादू बसला... आणि पहिल्याच गतिरोधकावर जीप डावीकडं गेली, गटाराच्या कडेला. मी म्हटलं, चालवायची सवय नाही अजून. पण परत आणून टेप लावला, तर ड्रॅग लिंक आखूड भरली. पांढरी खूण होती तशीच. रॉड खोलून टेबलावर ठेवला, तर दोन्ही सारखे. टेपच बिघडला म्हणून दुसरा आणला, शेवटी सुतळीनं मापलं. मी चालवली की सरळ, म्हादूनं चालवली की डावीकडं, आणि माप आखूड. त्याच्यावर उगाच डाफरलो. खरं तर चिडलो होतो मी माझ्यावरच.

शेवटी एका दुपारी म्हादूला स्टिअरिंगवर बसवलं आणि टेप घेऊन स्वतः खाली शिरलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गाडीखाली झोपलेल्या माणसाला जग म्हणजे नुसते पाय दिसतात. मी टेप धरला – रॉड आखूड. तेवढ्यात डाव्या दाराजवळ कुणीतरी येऊन उभं राहिलेलं दिसलं. धुळीनं भरलेले पाय, टायरच्या तळाच्या चपला. त्यातल्या उजव्या चपलेचा तळ जाडजूड, थरावर थर शिवलेला. मी म्हटलं, "काय पाहिजे, पावणं?" पाय हलले नाहीत. गाडीत चढायला दार उघडायची वाट बघावी तसे ते उभे होते. मी बाहेर सरकलो आणि त्या बाजूला गेलो, तर तिथं कुणीच नव्हतं. जमिनीवर ग्रीसमिश्रित धूळ, तिच्यावर एक ठसा नाही.

कोण आलं होतं म्हणून म्हादूला विचारलं. कुणीच न्हाई, म्हणाला. मी चपलेचं सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं अंगठा आणि बोट यात अंतर धरून दाखवलं. "येवढा जाड व्हय तळ?" त्याचा भाऊ विहिरीत पडल्यापासून उजव्या पायानं आखूड झाला होता, मिरजेहून तशी चप्पल शिवून आणली होती. मी हातातला टेप त्याच्या बोटांना लावला. रॉड जेवढा कमी भरत होता, अंतर बरोबर तेवढंच होतं. मला भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तो बोलला. भाऊ डाव्या सीटवरच गेला होता, वाटेत. दवाखान्यातून मयत ॲम्ब्युलन्सनं आली. "आमच्यात परमुलखात गेलेल्याला नाव घिऊन 'चल घरला' म्हनत आणत्यात. आय ॲम्ब्युलन्समदी म्हनत आली. पर दादा गेला हुता जीपमदी. जीप म्या दुसऱ्या दिवशी गुमान आणली... हाक मारायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी म्हटलं, ही गाडी राहू दे, दुसरी बघू. तो म्हणाला, बायकोला हिच्यातनंच न्यायची. मग उतरून त्यानं डावं दार उघडलं. "दादा, चल घरला." थोडा थांबला, आणि दार हळू लावून घेतलं.

त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही निघालो. डाव्या सीटवर बसायची माझी छाती झाली नाही. गॅरेजचा मालक मागं स्टेपनीला धरून बसला होता, लोक बघून हसत होते. दहिवडी, म्हसवड, दिघंची... रस्ताभर खड्डे, आणि म्हादू दर मैलाला हळूच "चल घरला" म्हणत होता. जीप एकदाही डावीकडं गेली नाही.

वस्तीवर फोन करून काहीच कळवलं नव्हतं. तरी जीप अंगणात थांबली तेव्हा म्हादूची म्हातारी आई तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी होती. म्हादूकडं तिनं पाहिलंही नाही. ती सरळ डाव्या बाजूला आली. रिकाम्या सीटवरून तुकडा ओवाळून लांब टाकला, खाली दाराशी पाणी ओतलं, आणि म्हणाली, "लय येळ लावलास रं लेकरा."

म्हादू खाली बसून ढसाढसा रडला. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

श्रावणात, ओढ्याला पाणी असताना, त्याच जीपनं त्याची बायको मिरजेला गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. रॉड मी नंतर कितीदा तरी मापले, म्हादूला सीटवर बसवून. सारखेच भरतात. लोखंड आपलं आपण आखडत नाही, हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगेन. त्या दिवशी म्हातारी कुणाशी बोलली, ते मात्र मला सांगता येणार नाही.