व्याह्यांच्या गाडीपुढे

मूर्तिजापूरजवळच्या चौकात सारखे अपघात व्हायचे, म्हणून तिथं उड्डाणपूल होऊ लागला. खांब उभे राहिले, आणि खाली गाड्या थांबवायला शोभा गावंडे लाल झेंडा घेऊन उभी राहू लागली. तोंडाला दुपट्टा बांधून. लेकीच्या सासरी तिनं सांगितलं होतं, "कंपनीच्या ऑफिसात बसतो मी."

त्या दुपारी क्रेननं गर्डर, पुलाची अवजड तुळई, उचलला. मुकादम ओरडला, "बाई, आता कोनालेच सोडू नका!"

शोभानं झेंडा आडवा धरला. समोर थांबलेल्या गाडीत व्याही रविकांतराव होते, शेजारी विहीणबाई.

"ओ बाई, किती वेळ लागन?" रविकांतरावांनी विचारलं.

बोललं तर आवाज ओळखतील. कसंही करून ही माणसं इथून जावीत, एवढंच तिला सुचलं. तिनं झेंडा खाली घेतला.

गाडी निघाली ती थेट लटकत्या गर्डरखाली. शिट्ट्या, आरडाओरड, करकचून ब्रेक. गर्डर वरच थांबला.

"काहून सोडली गाडी?" मुकादम धावून आला. "मारतं का लोकायले?"

विहीणबाई खाली उतरल्या. शोभानं दुपट्टा सोडला.

"विहीणबाई, मी आहो."

"अवो माय! तुमी?"

"तुमी ओळखसान म्हून सोडलं तुमाले."

रविकांतराव हळू आवाजात म्हणाले, "मागं घेतो गाडी. तुमी करा तुमचं काम."

त्यांनी चारचौघांत झापलं असतं, तर शोभाला निदान मान वर करता आली असती.